टेबलावरच्या लढाईत मिनिफिग उतरवायचे तर नियम कुणाचे?

ठोकळेबाज

नमस्कार मंडळी,

घरी लेगोच्या मिनिफिगचा (छोट्या प्लास्टिकच्या माणसांचा) बऱ्यापैकी साठा आहे. किल्ल्यातले शिपाई, चाचे, अंतराळवीर, सगळे एकाच डब्यात गुण्यागोविंदाने नांदतायत. टेबलटॉप वॉरगेमची हौस जुनी आहे, पण धातूच्या किंवा रेझिनच्या मिनिएचर (छोट्या बाहुल्या) आणायच्या, जोडायच्या, प्रायमर मारायचा, रंगवायच्या, हे सगळं होऊन पहिली लढाई कधी लागणार कोण जाणे. मग वाटलं, लढायला माणसं तर हाताशी आहेतच की! तलवारी आहेत, ढाली आहेत, घोडे आहेत. किल्ला हवा तर तासाभरात उभा राहतो आणि तोफेचा गोळा लागला की भिंतीतल्या विटा खरोखर काढून ठेवता येतात. रंगवलेल्या फोमच्या बुरुजाचं असं काही करायला कुणाचा हात धजावेल?

गाडी अडली ती नियमांपाशी. तयार नियम बहुतेक २८ मिमीच्या मिनिएचर गृहीत धरून लिहिलेले. मिनिफिग साधारण ४० मिमी उंच आणि अंगाने चांगलाच गुबगुबीत. इंचातली चाल, बेसचा (पायाखालच्या चकतीचा) आकार, बंदुकीचा पल्ला हे सगळं तसंच ठेवायचं की दीडपट करायचं? की सरळ आपले नियम लिहायचे? लेगो किंवा तत्सम विटा घेऊन कुणी नियमित खेळत असेल तर सविस्तर लिहा. 'मजा येते' एवढ्यावर बोळवण करू नका.

फासेपटू

अरे, एवढा खल कशाला? २८ मिमीचे नियम उचल आणि खेळ. नियमातले आकडे बाहुल्यासाठी नसतात, टेबलासाठी असतात. शिपाई एका डावात सहा इंच चालतो, कारण चार फुटी टेबल आठ डावांत ओलांडता यावं. बाहुला मोठा झाला म्हणून टेबल मोठं झालं का? बंदुकीचा पल्ला तर कुठल्याच स्केलमध्ये खरा नसतो. ३०० मीटर पल्ल्याची रायफल २८ मिमीच्या स्केलने मोजलीस तर गोळी शेजारच्या खोलीत जाऊन पडेल.

शिवाय २८ आणि ४० यांतलं अंतर दिसतं तेवढं नाही. २८ मिमी हे माप पुष्कळ जण तळपायापासून डोळ्यापर्यंत धरतात, टाळूपर्यंत नाही. वर शिरस्त्राण चढलं की तीही बाहुली पस्तिशीकडे झुकते.

अडचण उंचीची नाही, बेसची आहे. मिनिफिगच्या पायाखाली जेमतेम १६ बाय ८ मिमी जागा. भाला दिला की पुढे कलंडतो, मोठी ढाल दिली की बाजूला. अंतर बेसच्या कडेपासून मोजायचं असा नियम असेल तर त्याला कडच नाही. तेव्हा प्रत्येकाला ४×४ ची प्लेट (चार बाय चार उंचवट्यांची चपटी वीट) दे. ती भरते ३२ मिमी आणि हल्ली ३२ मिमीचा बेस सर्रास चालतो. प्रश्न मिटला.

शंकासुर

प्रश्न मिटला कसा? माणसं ठीक आहेत, वाहनांचं काय? रणगाडा कुठल्या स्केलचा बांधायचा? १:५६ चा, म्हणजे २८ मिमीच्या बाहुल्यांच्या मापाचा, तयार रणगाडा मिनिफिगशेजारी ठेवून पाहिलाय. शिपाई रणगाड्यात बसणार की रणगाडा डोक्यावर घेऊन पळणार, असा प्रश्न पडतो.

सोळा_स्टड

शंकासुर, तुमची शंका बरोबर जागी आहे. मिनिफिगला एक स्केल नाहीच. पावणेदोन मीटरचा माणूस ४० मिमीत बसवला म्हणजे उंचीने झाला साधारण १:४४. पण त्याची कंबर दोन स्टड (विटेवरचे गोल उंचवटे), म्हणजे १६ मिमी. खऱ्या माणसाची ३५ सेमी धरली तर रुंदीने तो १:२२ निघतो. म्हणजे तीन मीटर रुंद रणगाडा उंचीच्या हिशोबाने साडेआठ स्टडचा हवा आणि रुंदीच्या हिशोबाने सतरा स्टडचा! पोलंडची कोबी कंपनी दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे विटांत काढते, त्यांतले बरेचसे १:२८ चे आहेत. मधला मार्ग म्हणून डोळ्याला ते पटतात. स्वतः बांधणार असाल तर दहा-बारा स्टड रुंदी ठेवा आणि स्केल हा शब्द विसरून जा.

फासेपटूंशी मात्र मी सहमत नाही. २८ मिमीचे नियम मिनिफिगवर चालतात, पण मग हातात विटा आहेत याचा फायदा काय? नुसती न रंगवलेली मिनिएचर झाली ती. विटांची खरी ताकद ही की मोजमाप त्यांच्या अंगातच आहे. दोन स्टडच्या केंद्रांमध्ये ८ मिमी. विटेची उंची ९.६ मिमी. प्लेट ३.२ मिमी, तीन प्लेट म्हणजे एक वीट. आता हे बघा: १६ स्टड म्हणजे १२८ मिमी आणि पाच इंच म्हणजे १२७ मिमी. एका मिलिमीटरचा फरक. १×१६ ची वीट उचलली की पाच इंचांची पट्टी हातात आली. ३२×३२ ची बेसप्लेट (मैदानाची मोठी पातळ पाटी) म्हणजे जवळपास दहा इंच, ४८×४८ ची पंधरा. माईक रेहॉक यांचा ब्रिकवॉर्स हा खेळ खास याच बाहुल्यांसाठी लिहिलेला आहे, नेटवर फुकट मिळतो. त्यात साध्या मिनिफिगची चाल पाच इंच आहे. टेप आणा नाहीतर वीट ठेवा, उत्तर एकच.

उंचीचंही तसंच. मिनिफिगचे पाय कमरेसकट पाच प्लेट, धड चार प्लेट. नऊ प्लेट म्हणजे बरोबर तीन विटा, त्यावर डोकं. म्हणजे दोन विटांची भिंत त्याच्या पोटाला लागते, तीन विटांची हनुवटीला, आणि चार विटांमागे तो गडप. २८ मिमीच्या खेळात 'हा अर्धा झाकलाय की पाव' यावरून जे महाभारत होतं ते इथे होतच नाही. भिंतीच्या विटा मोजायच्या. आमच्याकडे उघड्यावरचा शिपाई सहा बाजूंच्या फाशावर ४ किंवा जास्त पडले की टिपला, दोन विटांमागचा ५ वर, तीन विटांमागचा फक्त ६ वर. सहा जणांनी गोळ्या झाडल्या तर सरासरीने तीन, दोन आणि एक पडतात. लहान पोरालाही कळतं की भिंत अजून एका विटेने वाढवली तर काय मिळेल. आणि तो लढाईच्या मध्यात खरंच भिंत वाढवायला घेतो, तिथे आम्ही एका डावाला दोन विटा असा नियम केला.

चढाईसुद्धा विटेतच. एक वीट उंची चढायला चार स्टड चाल खर्च. शिडी असेल तर दोन.

ठोकळेबाज

हे भारी आहे. १×१६ ची वीट पट्टी म्हणून वापरायची हे सुचलंच नसतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

जुईची_आई

आमच्याकडे मुलीसोबत खेळते, त्यामुळे कागद-पेन्सिल, तक्ते, जखमांचे टोकन हे सगळं मला टाळायचंच होतं. सोळा_स्टड मापाबद्दल म्हणाले तेच मी नोंदींबद्दल म्हणेन. मिनिफिग स्वतःच स्वतःचा तक्ता आहे.

हातात धनुष्य असेल तर तो धनुर्धर. धनुष्य पडलं आणि दुसऱ्याने उचललं, तर आता धनुर्धर तो. मुठीत ३.२ मिमी जाडीचा दांडा बसतो, त्यामुळे तलवार, मशाल, झेंडा, दुर्बीण सगळं हातोहात फिरतं. जखम झाली की शिरस्त्राण काढून ठेवायचं. दुसरी झाली की पाय काढून नुसतं कंबरेवरचं जमिनीवर, म्हणजे हा सरपटतोय, चाल निम्मी. पोरांना हे भयंकर आवडतं.

पण सगळ्यात उपयोगी चीज म्हणजे दोन चेहऱ्यांची डोकी. २००१ पासून लेगोने दोन्ही बाजूंना चेहरा छापलेली डोकी काढली. पुष्कळांत एका बाजूला आत्मविश्वास आणि दुसऱ्या बाजूला बोंबलणारं तोंड असतं. मागचा चेहरा केसांखाली किंवा शिरस्त्राणाखाली झाकला जातो. पथकाचं धैर्य खचलं, म्हणजे दोन फाशांवर ७ पेक्षा कमी पडले, की टोप उचलायचा, डोकं अर्धं फिरवायचं, टोप परत. आता तो पळणारा. पुढच्या डावात सरदार चार स्टडच्या आत आला आणि फासे चांगले पडले की डोकं पुन्हा सरळ. टेबलाकडे नुसतं पाहिलं तरी कुणाची फळी डळमळतेय ते दिसतं. दहा पळपुट्यांची ती किंचाळणारी रांग पाहून हरणाऱ्यालाही हसू येतं.

जुन्या किल्ल्यांतल्या शिपायांना हे जमत नाही, कारण १९७८ पासून १९८९ मध्ये चाचे येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर दोन ठिपके आणि तेच एक हसू. मरतानाही हसतात बिचारे.

एक विनंती: जखम दाखवायला हात उपटू नका. डोकं, टोप, पाय काढण्यासाठीच बनलेत. हात पुनःपुन्हा काढला की खांद्याची खोबण सैल पडते आणि धडाला कडेने चीर जाते.

फासेपटू

डोकं फिरवायची आयडिया उचलतोय. शब्दशः डोकं फिरलं म्हणायचं. :)

बाकी माझा मुद्दा मी सोडलेला नाही. ज्याला दर आठवड्याला वेगवेगळ्या लोकांशी खेळायचंय त्याला सगळ्यांना माहीत असलेले नियमच बरे पडतात. घरगुती नियम घरात ठीक. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

रंगारी

मी मुळात मिनिएचर रंगवणारा, त्यामुळे या धाग्यावर शत्रुपक्षच समजा. तरी दोन शब्द.

मिनिफिगचं सैन्य एकसारखं दिसायला हवं असेल तर धडं रंगवायच्या फंदात पडू नका. रंगवता येतं. एबीएस प्लास्टिक आहे, प्रायमरवर अ‍ॅक्रिलिक छान बसतो. पण सांध्यांत रंगाचा थर साचतो, हात फिरवला की तो सालपटासारखा निघतो आणि बोटाला लागतो. त्यापेक्षा पाण्याने चिकटणारं डीकॅल (पातळ छापील चित्र) धडाच्या सपाट पुढच्या बाजूला लावा, वर पातळ वार्निश. आणि रंग चुकला म्हणून अ‍ॅसिटोन लावू नका, एबीएस त्यात विरघळतं. डोळा, मिशी, धडावरची छपाई सगळं एका पुसण्यात जाईल, वर प्लास्टिक मऊ पडेल ते वेगळंच.

गणवेशाचं सोपं उत्तर म्हणजे पायांचा रंग. धडं कसलीही असोत, एका पथकाचे सगळे पाय निळे, दुसऱ्याचे लाल. तीन फुटांवरून डोळा पायच पाहतो.

शुद्धलेखन_नव्हे

रंग, डीकॅल, दुसऱ्या कंपनीची शस्त्रं... मग ते लेगो कसलं राहिलं? आम्ही प्युरिस्ट लोक. पेटीतून जे निघतं तेच.

रंगारी

तुमच्या कंपनीनेच १९९९ मध्ये अंतराळातल्या योद्ध्यांच्या हातात बंदूक म्हणून कर्णा दिला होता! ध्वनिवर्धक कर्ण्याच्या तुकड्याला ब्लास्टर म्हणून खपवलं. मग आम्ही थोडं रंगवलं तर काय बिघडलं? हलके घ्या.

शुद्धलेखन_नव्हे

उलट तोच तर प्युरिस्टपणाचा अर्क आहे, आहे त्या तुकड्यातून बंदूक काढणं. :) असो. खेळायला बसल्यावर कोण कुणाचा तुकडा तपासतंय.

जुनी_पानं

थोडं मागचं सांगतो, कारण 'खेळण्यातल्या ठोकळ्यांवर कसलं युद्ध' असं म्हणणारे भेटतात.

आधुनिक वॉरगेमची सुरुवातच ठोकळ्यांवर झाली. १८१२ मध्ये प्रशियात थोरल्या राइसविट्झने राजासाठी एक टेबल बनवलं. त्यावर डोंगर, नदी, रस्ते असलेले चौकोनी तुकडे हवे तसे जुळवायचे आणि सैन्य म्हणून छोटे ठोकळे मांडायचे. आपण बेसप्लेट शेजारी-शेजारी लावून दर खेपेला नवं मैदान करतो, तेच. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने खेळ १:८००० च्या नकाशावर आणला, फासे आणि पंच ठेवले, आणि तो प्रशियन सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. एकही रंगवलेला बाहुला नव्हता त्यात.

बाहुले आणले ते घरगुती खेळाडूंनी. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले. तोफेचा मारा फाशाने ठरत नसे. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर नेम धरून गोळा मारायचा, जो पडेल तो मेला. विटांच्या जगात हे आजही करता येतं. लेगोच्या स्प्रिंगवाल्या तोफा आहेत, २०१४ पासूनचे छोटे स्टड शूटर आहेत, १×१ ची गोल प्लेट टिचकीने उडवणारे. वेढ्याच्या लढाईत आम्ही फासे बाजूला ठेवतो आणि तोफखाना याच पद्धतीने चालवतो. भिंतीतून जेवढ्या विटा निसटतील तेवढी भगदाडं. विटा नुसत्या एकीवर एक रचल्या, म्हणजे सांधे न बदलता, तर बुरुज पहिल्या दोन-तीन गोळ्यांत सुटतो. सांधा मोडून बांधला तर गोळे टेबलाखाली शोधत बसावे लागतात आणि भिंत ढिम्म. त्यामुळे हल्ला करणाऱ्याला अर्ध्या भिंती मुद्दाम रचून द्याव्या लागतात.

(डोळ्यांच्या उंचीवर टेबल असेल तर मुलांना लांब बसवा.)

पंच नसेल तर वाद कसे मिटवायचे, यावर ब्रिकवॉर्सचा तोडगा मला फार आवडतो. नियमपुस्तक चाळत बसायचं नाही. दोघांनी आपापलं म्हणणं सांगायचं आणि फासा टाकायचा, ज्याचा मोठा त्याचं खरं. खेळ थांबत नाही.

पारिजात

वाचतेय, मजा येतेय, पण एक खटकतं. ज्या कंपनीने आधुनिक लष्करी खेळणी काढायची नाहीत असं धोरण ठेवलंय तिच्याच बाहुल्यांच्या हातात मशीनगन देणं विचित्र नाही का?

जुनी_पानं

विचित्र आहेच, आणि कंपनीलाही ती कसरत जमत नाही. तलवारी १९७८ पासून आहेत, चाच्यांसोबत १९८९ मध्ये पिस्तुलं आणि मस्केटही (जुन्या लांब बंदुका) आल्या. म्हणजे जुनं युद्ध चालतं, कल्पनेतलं चालतं, आजचं चालत नाही. २०२० मध्ये व्ही-२२ ऑस्प्रे या लष्करी विमानाचा संच जर्मनीतल्या शांततावादी गटाच्या आक्षेपानंतर बाजारात येता येता मागे घेतला, आणि तो बचावकार्याच्या रूपात रंगवलेला होता तरी. ती पोकळी ब्रिकआर्म्ससारखे लहान उत्पादक भरून काढतात, मिनिफिगच्या मुठीत बसतील अशा खऱ्या रायफलींच्या प्रतिकृती बनवून.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी किल्ले आणि चाचे यांच्या पुढे जात नाही. नैतिक कारण थोडं, सोयीचं जास्त. पल्ला लांब झाला की ४० मिमीच्या माणसाला टेबल पुरत नाही. मस्केटचा पल्ला दोन पट्ट्या, म्हणजे ३२ स्टड. मशीनगनचा किती लिहिणार? सगळं टेबलच तिच्या टप्प्यात येतं आणि दोन्ही बाजू पहिल्या डावापासून भिंतीमागे बसून राहतात.

पारिजात

पटलं. मुलांनी स्वतः तुकडे जोडून काठीची बंदूक केली तर मला काही वाटत नाही, विकत आणलेली हुबेहूब रायफल मात्र वाटते. का ते सांगता येत नाही. असो, चालू द्या.

चिमूटभर

सगळे चकमकीबद्दल बोलतायत, पाच-दहा विरुद्ध पाच-दहा. मोठी लढाई कुणी खेळत नाही? मिनिफिग सैन्य म्हणून महाग पडतो आणि जागाही खातो. दोन स्टड रुंद म्हणायचा, पण शेजारी-शेजारी लावलात तर हात एकमेकांत अडकतात. माणशी तीन स्टड धरा. वीस जणांची रांग म्हणजे साठ स्टड, जवळजवळ अर्धा मीटर!

मी लहान स्केलवर उतरलो आणि सुटलो. लेगोने २००९ मध्ये काढलेल्या पटावरच्या खेळांत मायक्रोफिग असायचे, दोन विटांच्या उंचीचे, एकाच स्टडवर उभे राहणारे. २०११ च्या हिरोइका या मालिकेत तर राक्षस आणि योद्धे मिळून बरेच. ते नसतील तर १×१ ची गोल वीट, वर १×१ ची गोल प्लेट. झाला शिपाई. ४×६ च्या प्लेटवर दोन रांगांत सहा लावले की एक पथक. प्लेट उचलून हलवायची, मेलेला स्टडवरून उपटायचा. पथकाच्या कडेला लाल गोल प्लेट म्हणजे दमलेले, पिवळी म्हणजे हुकूम मिळालेला. तेच टेबल, त्याच बेसप्लेट, पण आता नदी नदीसारखी दिसते आणि बगल देता येते. मिनिफिगच्या टेबलावर बगल द्यायला जागाच कुठे असते?

यंत्रमानवांची आवड असेल तर मोबाइल फ्रेम झिरो बघा. जोशुआ न्यूमन आणि व्हिन्सेंट बेकर यांचा, बेकर यांच्याच मेकाटॉन या जुन्या खेळावरून बेतलेला, २०१२ मध्ये लोकवर्गणीतून छापला गेला. मुठीएवढे मेक (यंत्रमानव) बारीक तुकड्यांतून बांधायचे. प्रत्येक जोडणीचे वेगळ्या रंगाचे फासे, मारा करायला लाल, बचावाला निळे, हालचालीला हिरवे. मार बसला की तोफ किंवा ढाल खरोखर काढून ठेवायची आणि तिचे फासेही गेले. जुईची_आई जे म्हणतात तेच, बाहुला हाच तक्ता.

शंकासुर

स्टडवाल्या जमिनीबद्दल कुणी बोललंच नाही. सैनिक दाबून बसवला की घट्ट बसतो, उचलायला गेलं की खालची हिरवळ घेऊनच येतो. मागच्या वेळी अख्खा पूल हातात आला.

सोळा_स्टड

सगळीकडे स्टड ठेवूच नयेत. चालायच्या जागी गुळगुळीत टाइल आणि मध्ये मध्ये जंपर, म्हणजे १×२ ची प्लेट जिच्यावर मधोमध एकच स्टड असतो. एका पायाखाली एक स्टड मिळाला तरी मिनिफिग उभा राहतो आणि सहज सुटतो. पूल, तटावरची वाट, जिने इथे जंपर हवेतच, नाहीतर टेबलाला गुडघा लागला की पहारेकरी खंदकात.

दुसरा उपाय बेसचा. ४×४ पेक्षा चांगला बेस तयार मिळतो. २०१० पासून सुटे मिनिफिग बंद पाकिटात यायला लागले, त्यांच्यासोबत ३×४ ची काळी तळपट्टी असते. ती गुळगुळीत आहे आणि मधल्या ओळीत चार स्टड आहेत. माणूस मधल्या दोनांवर उभा राहतो, दोन्ही बाजूंना एकेक स्टड मोकळा उरतो. डावीकडे हुकूम, उजवीकडे दारूगोळा. रुंदी ३२ मिमी, त्यामुळे फासेपटूंच्या नियमांनाही चालेल.

एक सावधगिरी, तपकिरी तुकड्यांची. ठरावीक काळातले लालसर तपकिरी तुकडे ठिसूळ निघतात, बोटात कडकन मोडतात. कुंपणं, झाडांचे बुंधे यांत तेच भरलेले असतात. त्यांना दाबून बसवायच्या जागी वापरू नका.

ठोकळेबाज

सगळ्यांचं ऐकून एक कच्चा आराखडा केलाय, चिरफाड करा.

एका बाजूला आठ ते बारा मिनिफिग, सगळे काळ्या तळपट्टीवर. मैदान ४८×४८ च्या चार बेसप्लेट, म्हणजे अडीच फूट चौरस. चाल एक पट्टी, १६ स्टड. घोडेस्वार दोन पट्ट्या, पण चढाई नाही आणि दारातून आत नाही. धनुष्य दोन पट्ट्या, मस्केटही दोनच, पण एकदा झाडली की उजवीकडच्या स्टडवर काळी गोल प्लेट लावायची आणि पुढचा पूर्ण डाव भरण्यात घालवून ती काढायची. टिपण्याचे आकडे सोळा_स्टड यांचे. जखमा आणि पळापळ जुईची_आई यांची. तोफा जुनी_पानं यांच्या, फक्त भिंतींवर, माणसांवर नाही.

पाळी कुणाची हे ठरवायला पिशवी. माझ्या जिवंत माणसांइतक्या लाल १×१ विटा, समोरच्याच्या तितक्या निळ्या, शिवाय दोन राखाडी. न बघता एक काढायची, ज्याच्या रंगाची त्याने एक माणूस चालवायचा. दुसरी राखाडी निघाली की डाव संपला, राहिलेले राहिले. माणूस मेला की त्याची वीट पिशवीतून गेली.

फासेपटू

पिशवी झकास. पण धोका बघ. तुझे आठ आणि त्याचे पाच उरले की तुझी वीट निघायची शक्यता आठास पाच. कमी माणसं, कमी पाळ्या, मग आणखी माणसं जाणार. घसरगुंडी आहे ती. हरणाऱ्याच्या सरदाराची एक जास्तीची वीट पिशवीत ठेव, तो जिवंत असेपर्यंत.

शंकासुर

आणि तिरकी चाल? तुम्ही स्टड मोजायला लागलात तर सरळ सोळा स्टड म्हणजे १२८ मिमी, पण तिरके सोळा मोजले की १८१ मिमी होतात. मी तर माझा घोडेस्वार कोपऱ्यातून कोपऱ्यातच पळवणार.

सोळा_स्टड

म्हणूनच पट्टी. मोकळ्या मैदानात स्टड मोजायचेच नाहीत, १×१६ ची वीट बेसच्या पुढच्या कडेला लावायची, ती कुठल्याही कोनात १२८ मिमीच भरते. मोजणी फक्त इमारतीच्या आत, जिथे पट्टी मावत नाही. तिथे तिरकं पाऊल एकदा एक आणि एकदा दोन असं धरा. सोळा गुणांत अकरा तिरकी पावलं होतात, म्हणजे १२४ मिमी. चार मिलिमीटरवरून कुणी भांडायला बसला तर जुनी_पानं यांचा फासा आहेच.

ठोकळेबाज

ठरलं. सरदाराची जास्तीची वीट घेतो, तिरक्या पावलाचा नियमही घेतला. आता दोन चेहऱ्यांची पुरेशी डोकी शोधायला डबा उपसतो. जुईची_आई, ज्यांच्याकडे एकच चेहरा आहे अशांसाठी काही?

जुईची_आई

त्यांना पाठमोरं उभं करा. पळणारा माणूस तसाच दिसतो.